आखूड बंदूक की पूर्ण लांबीची

मी यावल तालुक्यातला. घरी केळीची बाग. दुसरं महायुद्ध चालू असताना धुळ्याला जाऊन भरती झालो. उंची कशीबशी मापात बसली. डॉक्टरसाहेबांनी दोनदा मोजली आणि "चलेगा" म्हणाले.

धुळ्याबाहेर रंगरुटांचा तात्पुरता कॅम्प होता. पाचला बिगुल, साडेपाचला पी.टी., सातला चहा, आठ ते अकरा परेड. काडतुसं सगळी फ्रंटला जात, म्हणून आम्हाला नेम शिकवायला छऱ्याच्या हवाई बंदुका आणल्या होत्या. नळी खाली मोडून स्प्रिंग चढवायची, छर्रा भरायचा आणि दहा पावलांवरच्या पुठ्ठ्यावर मारायचा.

या बंदुका दोन प्रकारच्या होत्या. एक पूर्ण लांबीची, खऱ्या रायफलीएवढी. दुसरी तशीच, पण वीतभर आखूड. एका सेक्शनला कुठलीतरी एकच मिळणार होती.

आमचे उस्ताद हवालदार काशिनाथ बागूल, पिंपळनेरचे. कमी बोलत. परेडवर हिंदुस्थानी, एरवी अहिराणी. त्यांनी विचारलं, "बठ्ठास्मा बुटका कोन शे?"

सगळ्यांत बुटका मीच. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग यशवंता, तूच निवड. बठ्ठा तीच वापरतीन."

मी दोन्हींचे पाच-पाच छर्रे मारले. आखूड बंदुकीची स्प्रिंग चढवायला जोर जास्त लागे, पण ती खांद्याला लगेच बसली. लांबडीचं तोंड सारखं खाली जात होतं. जळगावकडचा लोटू कोळी माझा दोस्त. तो मागून हळूच म्हणाला, "लांब घे."

मी म्हणालो, "आखूड."

हवालदारांनी मान हलवली. सेक्शनला आखूड बंदुका वाटल्या.

आठ दिवस मजेत गेले. नवव्या दिवशी रेंजवर खऱ्या रायफली हातात आल्या, माणशी पाच राउंड. माझ्या रायफलीचं तोंड थरथरत होतं. पाचांतला एक लागला. बाकीच्यांचंही फारसं वेगळं नव्हतं. कंपनीत आमचा सेक्शन शेवटचा. कॅप्टनसाहेबांनी सर्वांसमोर हवालदारांना सुनावलं. महिनाभरात सुधारणा झाली नाही, तर फ्रंटला निघणारी तुकडी, म्हणजे ड्राफ्ट, आम्हाला सोडून जाणार होता.

त्या दुपारी लोटूशिवाय कुणी माझ्याशी बोललं नाही. दोन वाजता मी हवालदारांच्या तंबूपुढे जाऊन उभा राहिलो.

"उस्ताद, चूक माझी. मी माझी सोय बघितली. लांबडी द्या."

"आठ दिन वाट देखी ऱ्हायंतू मी," ते म्हणाले. "फ्रंटवर कोनी इचारस नही, आखूड दिऊ का लांबडी."

त्यांनी सगळ्या सेक्शनच्या बंदुका बदलून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर अर्धा तास मला वेगळी शिकवणी. लांबडीच्या तोंडाला पट्टीने अर्धी वीट बांधायची आणि नेम धरून बसायचं. धुळ्याच्या उन्हात सगळा कॅम्प आडवा झालेला असे. हवालदार मात्र माझ्याशेजारी मांडी घालून बसत. "दम धर. घाई नको." तिसऱ्या आठवड्यात माझे पाचांतले चार लागू लागले. सेक्शन पास झाला. आम्ही सगळे एकत्रच ब्रह्मदेशात गेलो, हवालदारही आमच्याबरोबर.

तिथे एका सकाळी नाला ओलांडायचा हुकूम होता. साडेसातला चहा झाला. सव्वानऊला आम्ही पाण्यात उतरलो आणि पलीकडच्या बांबूच्या बेटातून मशीनगन सुरू झाली. दोन जण जागीच गेले. हवालदारांच्या पोटात गोळी लागली. लोटूने त्यांना ओढत काठाच्या आडोशाला आणलं. सिग्नलवाला वायरलेसवर ओरडत होता.

"मॉर्टर चाहिए. ओव्हर."

"मॉर्टर नहीं मिलेगा. अपने लोग आगे हैं. ओव्हर."

अंतर दोनशे यार्ड. बांबूंच्या फटीतून मशीनगनवाल्याची टोपी दिसत होती, तीही मधूनच. हवालदारांनी मला जवळ बोलावलं. आवाज नेहमीसारखाच होता.

"तुले दिखस?"

"दिसतो, उस्ताद."

"मंग घाई नको."

पहिली गोळी चुकली. दुसरीही चुकली. मी श्वास धरला. हात हलत नव्हते. तिसऱ्या गोळीनंतर मशीनगन थांबली. दुसरा माणूस तिच्यापाशी येईपर्यंत आमचा सेक्शन नाला ओलांडून गेला होता. त्या बेटाचं काम आमच्या लोकांनी ग्रेनेडने पुरं केलं.

मी परत आलो तेव्हा पावणेदहा झाले होते. हवालदारांनी विचारलं, "कितला गया?" मी म्हणालो, "दोघं. बाकी सगळे पार झाले." त्यांनी डोळे मिटले. स्ट्रेचर आलं, पण दुपारी बारानंतर ते गेले. त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहिले. त्या वेळी ते सुचलंही नाही. आज घरात नातवंडं आहेत. धुळ्याच्या उन्हातल्या त्या अर्ध्या तासांचे हे उपकार आहेत, हे मी त्या पोरांना सांगत असतो.

युद्ध संपल्यावर डिस्चार्ज घेतला आणि लोटूला घेऊन पिंपळनेरला गेलो. हवालदारांची आई ओट्यावर नागली पाखडत होती. सरकारी कागद तिला मिळाला होता, पण कसं झालं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. वेळेसकट सांगितलं. तिचं पाखडणं थांबलं होतं. सूप मांडीवर तसंच.

शेवटी तिने एकच विचारलं, "भाऊ, त्या दिनले तो काही खायेल व्हता का?"

"हो, माय," मी म्हणालो. "चहा घेतला. बिस्किटं आम्हाला वाटली, मग स्वतः दोन खाल्ली."

ते खरं होतं. लोटूनेही मान हलवली.

"उपाशी नही गया ना," म्हातारी म्हणाली, "मंग ठीक शे." आणि आमच्यासाठी भाकरी टाकायला उठली.