रतनबाईचा हात आणि आक्काबाईचं तोंड

बेगडेवाडी स्टेशनला उतरून भातखाचरांच्या कडेने चालत निघालं की रतनबाईची आळी लागते. घरं थोडकी, पण कोजागिरीच्या दुधासाठी लांबलांबचे पाहुणे मुद्दाम येतात. हे दूध रतनबाई करते. म्हशीचं दूध, साखर, चारोळी, बदाम, वेलची, जायफळ, चिमूटभर केशर. सामान सगळ्यांच्या घरात असतं तेच, पण तशी चव दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही असं आळी म्हणते, आणि ते ऐकलं की रतनबाई नीट असलेला पदर पुन्हा नीट करते.

दूध ढवळायचा लांब दांड्याचा डाव तिला सासूने दिला. रीतीने तो थोरल्या सुनेला, म्हणजे आक्काबाईला मिळायला हवा होता. पण सासू फटकळ. "थोरली बोलत बसल आन् दूद उतू जाईल," असं भरल्या अंगणात म्हणून तिने डाव रतनच्या हातात ठेवला. तेव्हापासून आक्काबाईने एकही कोजागिरी गप्प बसून काढलेली नाही. दोघींची घरं समोरासमोर, अंगण एकच. रतनबाई चुलीपाशी बसली की समोरच्या ओट्यावर आक्काबाई बसणार, आणि तोंडाचा पट्टा सुरू होणार.

तर अशी ही रतनबाई. आणि तिला वास येत नाही.

तापाची साथ आली त्या साली नाक गेलं ते गेलंच, जाताना जीभही घेऊन गेलं. कोंबडीचा रस्सा काय आणि पिठलं काय, तिला सगळं गरम पाणी. बाकीच्यांना महिन्याभरात पुन्हा चव आली, हिची काही परत आली नाही. तिने ते कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर डाव हातातून जाणार होता, आणि कुठे जाणार ते तिला दिसत होतं, समोरच्या ओट्यावर.

रोजच्या स्वयंपाकापुरती तिने तोड काढली होती. तिने उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. मग सुनेला हाक मारायची, "कोमल, आमटीचं मीठ बघ गं, माझा उपास हाय." उरलेल्या दिवशी दाढ दुखायची. आळीत तिच्या भक्तीचं मोठं कौतुक. नवरा सोपान तेवढा कुरकुरायचा, "एवढ्या उपासात देव आपल्याकडं राहायलाच यायला पायजे व्हता."

कोजागिरीला मात्र ही युक्ती चालत नव्हती. दूध म्हणजे चंद्राचा नैवेद्य. तो दाखवल्याशिवाय कुणी चाखायचा नाही, करणारीनेही नाही. म्हणजे चूक झालीच तर ती सगळ्या आळीच्या तोंडात गेल्यावर कळणार. पहिल्या वर्षी रतनबाईने देवाचं नाव घेत घेतच डाव फिरवला. पण दूध उत्तम झालं. दुसऱ्या वर्षीही झालं, तिसऱ्याही. मग तिची खात्री पटली की नाक गेलं तरी आपला हात शाबूत आहे, आणि बाईसाहेब जराशा फुगल्याच.

फक्त ती आक्काबाई! "जाळ मागं वढ की गं! सरपाण काय तुझ्या म्हायेरनं आलंय?" रतनबाई रागारागाने लाकडं ओढायची. "येलची घातलीस का दुदाला नुसती दाखवलीस?" की रतनबाई मूठभर पूड आणखी टाकायची, घे म्हणावं. "जायफळ आवर आता, गाव झोपवायचा हाय का?" की ही किसणी बाजूला आदळायची. दरवर्षी दूध असं भांडत भांडतच व्हायचं.

यंदा आक्काबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती देहूरोडला लेकीकडे राहिली. जावई तिथल्या डेपोत कामाला, क्वार्टर ऐसपैस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुराजवळ जायचं नाही. रतनबाईने तोंडावर हळहळ दाखवली, आणि घरात येऊन कोमलला म्हणाली, "औंदा सुकानं करीन बाई दूद."

दुपार कलल्यावर तिने अंगणात चूल पेटवली, पितळी पातेलं चढवलं आणि डाव फिरवायला घेतला. खरंच सुख होतं. साय धरत होती, मोडत होती. समोरचा ओटा रिकामा होता. थोडा वेळ गेला आणि रतनबाईच्या लक्षात आलं की आपण सारखं तिकडेच बघतोय. जाळ फार झाला का? वेलची घालायची वेळ झाली का? एरवी असले प्रश्न तिला कधी पडले नव्हते.

तेवढ्यात कोमल मोबाईल घेऊन धावत आली. पडद्यावर आक्काबाई, डोळ्याला काळा चष्मा.

"कुटवर आलंय दूद?"

"आटतंय."

"वास कसा..." आक्काबाई मध्येच थांबली. मग चिडून म्हणाली, "छ्या! ह्या डबड्यातनं वास बी येत न्हाई!" आणि फोन बंद.

कोमल हसत घरात गेली. रतनबाईला मात्र हसू आलं नाही. आक्काला एवढं वासाचं काय पडलंय? मग तिला जाळ आठवला, वेलची आठवली, जायफळ आठवलं. तिन्ही गोष्टी नाकाने कळायच्या. आपलं नाक गेल्यापासून आक्काबाईने त्यांच्याशिवाय दुसऱ्या कशावरून भांडण काढलंच नव्हतं, आणि प्रत्येक वेळी ती ओरडल्यावर आपण ते केलं होतं, रागाने का होईना. म्हणजे आपला हात शाबूत वगैरे काही नव्हता. आक्काला सगळं ठाऊक होतं.

 रतनबाईने घाबरून जाळ मागे ओढला, तर दुधाची उकळी बसली. पुन्हा पुढे सारला. आळीतली माणसं चटया घेऊन यायला लागली होती, आळीतले सगळ्यांत म्हातारे दत्तोबा खुर्चीत येऊन बसले होते. आता कोमलला बोलावून खरं काय ते सांगावं, डाव कुणाच्याही हातात द्यावा, असं ठरवून तिने हाक मारायला तोंड उघडलं, तोच तिच्या लेकाची, निलेशची मोटारसायकल अंगणात शिरली. मागे आक्काबाई. जावयाच्या नाकावर टिच्चून लोकल पकडून आली होती, आणि स्टेशनवरून पुतण्याला फोन केला होता.

काळा चष्मा सावरत ती ओट्यापाशी पोचलीही नाही, तोच ओरडली, "रतने! लागतंय खाली! जाळ वढ!"

यंदा रतनबाई रागावली नाही. तिने जाळ ओढला आणि तळ न खरवडता दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घेतलं. जुन्याच्या बुडाला तपकिरी थर धरला होता. थोडा आणखी उशीर झाला असता तर सगळं दूध गेलं होतं.

"वाचलं का?" तिने विचारलं.

आक्काबाईने धूर लागू नये म्हणून डोळ्यांवर पदर धरून नाक तेवढं उघडं ठेवलं होतं. हुंगून म्हणाली, "वाचलं. येलची टाक."

सगळं झाल्यावर रतनबाई ओट्याशी गेली. हळूच म्हणाली, "कवा कळलं तुमाला?"

"तवाच. तव्यावर भाकर जळून कोळसा झालती, आन् तू शेजारी बसून शेंगा फोडत व्हतीस."

"मग बोलला का न्हाई? डाव तुमाला मिळाला असता."

"मला काय करायचाय? दूद उतू गेलं असतं," आक्काबाई म्हणाली. "आन् तुला सांगितलं असतं, तर तू चुलीपाशी बसली असतीस का परत?"

 इतकी वर्षं या बाईच्या नावाने बोटं मोडली, याची रतनबाईला मनापासून लाज वाटली.

डोंगरामागून चंद्र वर आला. पातेल्यात त्याचं बिंब दिसल्यावर नैवेद्य झाला. पहिला पेला नेहमी दत्तोबांचा. यंदा रतनबाईने तो आक्काबाईला नेऊन दिला. दत्तोबा बघतच राहिले. मग ती आपलाही पेला घेऊन आक्काबाईच्या शेजारी, ओट्यावर टेकली. त्या ओट्यावर ती पहिल्यांदाच बसत होती.

आक्काबाईने घोट घेतला. तिने दुधाला आजवर बरं म्हटलेलं नव्हतं, आजही म्हटलं नाही. रतनबाईकडे न बघता, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली, "आदी गोड लागतंय. लय न्हाई, बेताचं. मग साय येती तोंडात. येलची मागनं येती. आन् गिळल्यावर जायफळ, घशात, उबदार."

रतनबाईने पेला ओठाला लावला. डोळ्यातलं पाणी पुसलं.

"सावकाश सांगा, आक्का," ती म्हणाली, आणि तिने दुसरा घोट घेतला.