घुंगरांखालच्या खपल्या
करंजाच्या तेलाचा वास आला की आमची वरातीची पांढरी घोडी आठवते. तिच्या मागच्या पायावरच्या खपल्या वडील कोमट पाण्यानं भिजवून काढायचे, तेल लावायचे, पण आठ दिवसांत पुन्हा खपली धरायची. "घुंगरू बांधू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लग्नसराई होती. धाड गावच्या एका वरातीत वडिलांनी त्या पायाला फडकं गुंडाळून वरून घुंगरांचा पट्टा आवळला. ताशा सुरू झाला तशी घोडी तोच पाय सारखा उचलून झटकू लागली. "काय नाचून राह्यली बे घोडी!" लोक ओरडले. नवरदेवाचा बाप खूश होऊन म्हणाला, "धाकट्याच्या लग्नालेही हेच घोडी पाहिजे." वडिलांनी खाली बघत "हाव" म्हणून होकार दिला. लगाम माझ्या हातात होता. सगळं माहीत असूनही ते कौतुक ऐकून मला बरं वाटलं होतं, त्याची लाज अजून जात नाही.