मल्लूदादाचा इलाज

मल्लूदादा गेल्याचा निरोप नांदेडहून आला, तेव्हा मी लातूरला भाजी निवडत होते. त्याच्या मातीला जाऊन आले त्याला महिना होऊन गेला, पण तिथं कानावर पडलेलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. भावकीतले एक शिकलेसवरलेले गृहस्थ हळहळून म्हणाले, "त्या काळी मानसोपचार कुठं होते? न्हाईतर दुरुस्त झाला असता बिचारा." अहो, झाले होते की उपचार!

निजामाचं राज्य होतं. माझा हा चुलतभाऊ बाविशीचा, आमच्या भुसार दुकानात बसायचा. त्यानं एक दिवस काकांना सरळ सांगितलं, मला बाईची ओढ नाही, पुरुषाची आहे, माझं लग्न करू नका. काका गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसले. मग कुणा शहाण्यानं नांदेडचा डॉक्टर सुचवला. हैदराबादेत शिकलेला, म्हणजे देवच! त्याच्याकडे दांडा फिरवून वीज काढायची पेटी होती. दादाच्या हातांत पितळी मुठी द्यायचा, पुरुषांची नावं घ्यायला लावायचा आणि दांडा फिरवायचा. दादा ओरडला की रोग निघाला म्हणे... अंगारे-धुपारेवाला बरा, निदान वास तरी चांगला येतो.

इलाज लांबणार होता. नांदेडात आत्याचं घर होतं, पण तिथं लग्नाच्या दोन पोरी. तरणाताठा मुलगा तिथं ठेवला तर लोक काय म्हणतील? म्हणून अब्रू जपायला काकांनी त्याला तिथल्याच ओळखीच्या गोविंदराव मास्तरांच्या खोलीत ठेवला. मास्तर सडेफटिंग, निर्व्यसनी. एवढी अक्कल आमच्या घराण्यात एकाच वेळी कधी गोळा झाली नव्हती.

शेवटी डॉक्टरनं मुलगा दुरुस्त झाल्याचं कळवलं. काकांनी लगोलग औशाची मुलगी ठरवली. दादा लातूरला आला आणि ओसरीवरच काकांपुढे उभा राहिला.

"आप्पा, त्या पोरीला फसवायलात तुम्ही. मी बोहल्यावर चढणार न्हाई."

"डॉक्टरनं दुरुस्त केलंय की तुला!"

"मी बिघडलोच नव्हतो, तर दुरुस्त काय करणार त्यो?"

काकांनी घराचं दार बंद केलं. दादा आल्या पावली नांदेडला मास्तरांकडे गेला, तो जन्मभरासाठी. आमची माणसं मात्र 'मल्लूच्या डोक्यावर परिणाम झालाय' असं सांगत फिरली. एका मुलीचा जन्म वाचवला त्यानं, त्याबद्दल चकार शब्द नाही. मला या सगळ्यांची किळस येते.

माती झाल्यावर भावकी गाडीत बसून निघून गेली. मास्तरांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी मागे राहिले. संध्याकाळी मास्तरांनी वाटीत दूध घेतलं आणि भाकर कुस्करायला लागले. त्यांचे स्वतःचे दात शाबूत आहेत, दादाचे पडले होते. भाकर पार मऊ झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. वाटीकडं बघत राहिले... मग ती माझ्यापुढे सरकवली.

"खाय माय. त्याला असंच लागायचं."

मी रडत रडत खाल्लं. याच रोगावर काकांनी पोराला वीज द्यायला लावली होती.