खिडकीकडे बघणारे मामा

“चला, मी खिडकीकडं बघतो,” असं म्हणून मामा पाठ फिरवायचे.

आमच्या वस्तुसंग्रहालयात मूर्तींना हात लावायचा नाही, काही वाहायचं नाही, असा नियम. तो पाळला जावा म्हणून मूर्तींच्या दालनात मामांना नेमलेलं. मी बाहेर तिकिटाच्या टेबलावर. पण खेड्यातून आलेलं माणूस देवासमोर नुसतं कसं उभं राहणार, तुम्हीच सांगा! कुणी बुद्धासमोर बसकण मारायचं, कुणी विष्णूच्या पायावर डोकं टेकवायचं. तेवढा वेळ मामा बाहेरचा लिंब बघत. माणूस गेलं की मऊ फडक्यानं मूर्ती पुसून घेत.

मामा स्वतः बौद्ध. देवदेवींशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. “पर मानसाला लाजवू नाय,” म्हणत.

दर मंगळवारी गंगापूरकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी एसटीने यायची. कोपऱ्यातली हात तुटलेली देवी तिच्या रानात विहीर खणताना सापडली होती आणि सरकारी माणसांनी ती इथे आणली होती. भंगलेल्या मूर्तीची कुणी पूजा करत नाही, पण म्हातारीचं म्हणणंच वेगळं. “लेक सासरी दिली म्हनून आईनं तोंड बी बघू नाय का?” असं म्हणून ती देवीला कुंकू लावायची, माहेरी आलेल्या मुलीला लावावं तसं. मामा खिडकीकडे.

मग दोघं लिंबाखालच्या बाकावर बसून तिची भाकरी आणि ठेचा खायचे. मामांची बायको वारलेली, मुलगा पुण्यात. पुंडलिकनगरच्या घरात बोलायला कुणी नाही. आठवडाभराचं साठलेलं ते मंगळवारी बोलून घेत. “मामा, आज भांग अगदी नीट पाडलाय!” म्हणून मी चिडवायचो. ते चक्क लाजायचे.

पुढे दालनात कॅमेरे बसले. मामांच्या पाठ फिरवण्याने आता भागेना. साहेबांनी बोलावून दम भरला. त्या मंगळवारी मामांनी पहिल्यांदाच म्हातारीला अडवलं.

“आजी, कुंकू नका लावू. वरून बघतेत.”

तिने कुंकवाची पुडी परत पिशवीत ठेवली. “व्हय बाबा. माझ्यापायी तुमची नोकरी जायला नको,” म्हणाली आणि भाकरीचं फडकं न सोडताच एसटीला गेली.

पुन्हा आलीच नाही. मामा मंगळवारी बाकाच्या एका कडेला बसून डबा खात. उरलेलं बाक रिकामं. मला ते बघवत नसे. मी शेजारी जाऊन बसलो तर सरकून घेत. “मीच हुसकावली तिला,” एवढंच एकदा म्हणाले. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार होता आणि नजर फाटकावर.

परवा मामा अचानक आले. बरेच वाळले होते. जीपने गंगापूर गाठून, विचारत विचारत म्हातारीच्या गावी जाऊन आलो, म्हणाले. मी नको नको म्हणत असताना तिकीट काढलं आणि सरळ आत गेले. मी मागोमाग गेलो.

मामा देवीसमोर उभे राहिले. हात जोडले नाहीत. सासरी जाऊन निरोप सांगावा तशा हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, तुझी आई गेली. दिवाळीतच गेली. आता वाट बघू नको.”

मी खिडकीकडे बघत राहिलो.