वनिताच्या नावावर दिलेली उत्तरं

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही, कॉलेजात तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. मोठ्या माणसांचा स्वभाव मोजायची एक मराठी प्रश्नावली मी तयार केली. ज्याचं त्यानं स्वतःबद्दल सांगायचं — मला चटकन राग येतो, मला धीर धरवत नाही — नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सोपं वाटतं ना? वडनेर गावातल्या एखाद्या ओट्यावर बसून बघा. तिथे सुनेला एकटीला कोण बोलू देतं?

वनिताच्या घरी सगळी उत्तरं तिच्या सासूनंच दिली. “तिले काय विचारून राह्यल्या, मॅडम? गाय हाय ते. लिहा, राग येतच नाई.” मी हसून ‘कधीच नाही’वर खूण केली. मग म्हातारी पाणी आणायला आत गेली, आणि वनिता माझ्या कानाशी आली.

“ते खोडा, मॅडम. मले राग येते. लय येते. आता मले माझंच भेव वाटते.”

खोडायला असा किती वेळ लागतो? पेन हातातच होतं. पण सासू बघेल, चिडेल, मग गावात पुढचं दार कोण उघडेल — माझ्या डोक्यात हेच. सेवाग्रामच्या दवाखान्यात चल, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी “बरं, बघू” म्हणाले आणि पान उलटलं. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

महिन्याभरानं तेच प्रश्न त्याच माणसांना पुन्हा विचारायचे असतात. उत्तरं जुळली की प्रश्नावली भरवशाची. यावेळीही सासूच बोलली. वनिता दाराशी उभी राहून माझ्याकडे नुसती बघत होती. त्या नजरेनं मी चरकले — आणि तरी खुणा करत राहिले. उत्तरं तंतोतंत जुळली. अशी आणखी किती घरं होती, ते विचारू नका. माझं कौतुक झालं, शालही मिळाली.

कापूस वेचणीच्या दिवसांत वनितानं सासूला विहिरीत ढकललं. म्हातारी वाचली नाही.

काही दिवसांनी तिचा वकील माझ्याकडे आला. वनिता त्याला म्हणाली होती, ‘मॅडमले म्या आधीच सांगतलं होतं.’ तिची मनःस्थिती कोर्टापुढे मांडायची, तर माझ्या साक्षीशिवाय त्याच्या हातात काहीच नव्हतं. मी कपाट उघडलं, तिचा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला. राग — कधीच नाही. ती तसं काही बोलली नव्हती, असं मी सांगितलं. त्यानं तो कागद वाचला. मग त्यानं पुन्हा एकदा विचारलं.

दोन्ही वेळा माझं उत्तर एकच होतं. वनिता अजून तुरुंगात आहे.