सोडणांवर बांधलेली पाचवी

घाण करणाऱ्यावर कर बसवा, त्यातून शाळा काढा, देश आपोआप श्रीमंत होईल, असं हल्ली विद्वान लोक टाय लावून सांगतात. आमच्या खाडीकाठच्या गावात हे साठ सालाच्या आसपासच होऊन गेलं, आणि तेही माझ्या बाबांचं लक्ष नव्हतं म्हणून.

बाबांचा धंदा काथ्याचा. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, महिनोन्‌महिने खाडीत कुजवायची, मग बडवून सुंभ वळायचं. त्या वासानं मासेसुद्धा गाव सोडून जायचे. शाळा चौथीपर्यंत. खोली बांधलीत तर पाचवी देऊ, असं वरून कळलेलं. नाहीतर पार कट्टा गावच्या शाळेपर्यंत चालत जायचं, आणि तेवढ्या लांब मुलींना कोण पाठवतो? मी तिसरीत होते आणि मला पाचवी हवीच होती.

जत्रेला गावकरांनी, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, देवळात देवाला गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "होय महाराजा" म्हणायचं, हा रिवाज. पोरंबाळं, गुरंढोरं, पाऊसपाणी झालं आणि त्याच सुरात गावकर म्हणाले, "जो कोण खाडयेत सोडणां कुजत घालीत, तेना दर ढिगाक शाळेच्या खोलयेक गाडीभर चिरे देवचे रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा. आईनं कपाळाला हात लावला.

देवासमोरचा शब्द, मोडणार कसा? भिंत चढू लागली. पण बाबा कसले वस्ताद! त्यांनी बागेतच खड्डा खणला आणि सोडणं त्यात घातली. बाकीच्यांनीही तेच केलं. खाडी निवळली, मासे परतले, मासळीचा धंदा वाढला, गावकर मिशीला पीळ देत फिरू लागले. आणि भिंत खिडकीपाशी अडली. मी चौथी पास झाले होते. त्या स्वच्छ खाडीचा मला इतका राग आला!

"बाबा," मी रडत म्हटलं, "माका पाचवेत बसूचा आसा. सोडणां खाडयेत घाला."

 दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत बाबांनी चार ढीग खाडीत लोटले.

गावकर धावत आले. "लाज वाटणा नाय रे तुका?"

"चिरे खंय उतरवू, ता सांगा," बाबा म्हणाले.

खोली झाली. पाचवीच्या पुस्तकातला पहिलाच धडा होता, पाणी स्वच्छ ठेवा. मी खिडकीशी उभी राहून, एका हातानं नाक दाबून, तो मोठ्यानं वाचला.

बाहेरून आवाज आला, "होय महाराजा!"

या वेळी बाबांनी सगळं ऐकलं होतं.