कौन्सिलात घ्यायचं नाव

सासू, मी, माझी तान्ही लेक आन् कायदे करायच्या कौन्सिलातले एक वकील, एवढीच माणसं तवा घरात हुती. आजबी सुताला लावायची खळ शिजायचा वास आला की ती दुपार आठवती. सोलापुरात लष्कराचं राज हुतं. बंदी असताना सुराज्याची पांढरी टोपी घातली म्हणून मालकांना, म्हंजी माझ्या नवऱ्याला, मागावरनं उठवून नेलेलं. कुटं ठेवलंय, कुणी सांगंना. शेजारी दारं लावून बसलेले. वकील हळूच म्हणले, "बाई, मी सरकारच्या विरुद्ध बाजूचा. कौन्सिलात विचारलं की मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. पण नाव पायजे." मालक म्हंजी सासूचा थोरला ल्योक. थोरल्या ल्येकाचं नाव आई घेत न्हाय, नवऱ्याचं बायकू घेत न्हाय. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणत्यात. भाईर बोळात शिपायांचे बूट वाजत हुते. लेक रडंल म्हणून मी तिला छातीशी गच्च धरलं. "उखाण्यात घिऊ का?" मी इचारलं. वकील म्हणले, "मंत्र्यापुढं उखाणा कसा म्हणू, बाई?" सासू म्हणली, "घे गं. पाप लागलं तर मला लागू दे." मी डोळं मिटून नाव घेतलं, आन् वाटलं, आता काय ते परत येत न्हाईत. वकिलांनी त्याच नावानं सवाल टाकला. मंत्र्याला सांगावंच लागलं की माणूस लांबच्या तुरुंगात हाय. पुढं मालक घरी आले, उजवा हात मोडलेला, पण जिते. आता ते न्हाईत, पण नाव घेतल्यावरबी लई वर्सं जगले. बायांनो, हे कुणी वाचून दाखवलं तर आपल्या माणसाचं नाव एकदा मोठ्यानं घिऊन बघा.